बट्टी तळायला घेतली

क्लॅरनेट वाजवणाऱ्याने लग्नात काय खाऊ नये, याची यादी मोठी आहे. पापड नको, त्याचा कण दातात अडकतो आणि नेमका वरच्या सुराला पत्तीखाली येतो. बुंदी-जिलेबी नको, पाकाच्या लाळेने पत्ती चिकटते आणि सूर बोबडा निघतो. शेवभाजीचं तर नावच काढू नये. आमच्याकडच्या शेवभाजीवर लालभडक तर्री असते. ती लागली की तासभर ओठ आपले राहत नाहीत, आणि क्लॅरनेट जितकं छातीवर चालतं त्याहून जास्त ओठांवर. वाजवण्याआधी वरण-भात नि ताक, एवढ्यावर भागवावं, असं माझ्या उस्तादांनी मला सांगितलं होतं. सांगताना त्यांच्या ताटात काय होतं, ते मी लिहीत नाही.

मी लोणखेड्याचा. गाव शहाद्याला इतकं चिकटून की बाहेर आम्ही स्वतःला शहाद्याचेच म्हणवतो. लोणखेडा फक्त शहादेकरांना सांगायचा. आमच्या बँड पार्टीच्या मोठ्या ढोलावर गावाच्या नावाखाली 'जि. धुळे' असं रंगवलेलं होतं. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पुढची लग्नसराई उभी राहिली तरी पेंटरला सवड होईना, तेव्हा आम्ही 'धुळे'वर झेंडूची माळ बांधून वाजवायला जायचो. माळ दुपारी सुकायची आणि जुना जिल्हा पुन्हा दिसायचा.

शिकलो ते सगळं कानाने. कागदावरचं स्वरलेखन आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हतं. उस्तादांकडे मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरनेटवर वाजवलेली सिनेमाची गाणी कॅसेटमध्ये भरून ठेवलेली होती. तीच आमची शाळा. पाठ झालं की परीक्षा एकच असायची, नागीण. 1954 च्या 'नागिन' सिनेमातली ती बीन. ऐकणाऱ्याला वाटतं कुणी गारुडी पुंगी फुंकतोय. खरं तर कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती, संगीत हेमंतकुमारांचं. म्हणजे मुळात पुंगी नसलेली पुंगी आम्ही क्लॅरनेटवर काढतो, आणि ती ऐकून वरातीतला एक जण रुमाल दातांत धरून गारुडी होतो, दुसरा तापलेल्या डांबरावर लोळून नाग होतो. लोळणारा बहुतेक वेळा कापसाचा व्यापारी किंवा मास्तर असतो. वर्षभर ताठ बसावं लागणारी माणसं तिथेच आधी लोळतात, हे माझं निरीक्षण आहे.

उस्ताद म्हणायचे, "बोटांकडे बघू नको, समोरच्यांच्या पायांकडे बघ." मला त्याचा अर्थ नाचणाऱ्यांना ठेका धरता यावा, एवढाच लागला होता. पुढे कळलं की ते वेळेबद्दल बोलत होते.

बँड लग्नात कशाला असतो? गाणी वाजवायला, असं बोलावणाऱ्यालाही वाटतं. खरं काम वेळ हाकण्याचं. पत्रिकेत मुहूर्त असतो दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. त्यातली पस्तीस मिनिटं भटजीसुद्धा मनावर घेत नाही. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंतचा रस्ता गावात असून असून केवढा असणार! पण तो कापायला अर्धा तास लागेल की दोन तास, याची खरी ओढाताण दोन पक्षांत असते. नवरदेवाच्या मित्रांना वेळ वाढवायचा असतो, नवरीच्या बापाला कमी करायचा असतो, आणि मधे आम्ही. तिसरा पक्ष मिरवणुकीत दिसत नाही. तो मांडवाच्या मागच्या बाजूला भट्टीपाशी घामाघूम उभा असतो. आचारी.

वरण-बट्टी ज्यांनी फक्त हॉटेलात खाल्ली, त्यांना आचाऱ्याची घाई समजणार नाही. गव्हाचं भरड पीठ, त्यात थोडा मका, ओवा, हळद, भरपूर मोहन. गोळे वाफवून घेतात, मग कापून तळतात. कढईतून काढलेली बट्टी बोटांनी चुरली की भुसभुशीत होते, तिच्यावर तूप, तुरीचं वरण, शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. हीच बट्टी तासभर पडली की तिला चुरायला पाहुणा उठून उभा राहतो. म्हणून आचारी वाफवून ठेवतो आणि तळणं शेवटपर्यंत लांबवतो. शेवट म्हणजे कधी, हे त्याला कळणार कसं? आमच्या आवाजावरून. वरात कुठे पोचली, हे त्याला मांडवामागे बसल्या जागी ऐकू येतं. आणि त्याचं काय चाललंय, हे आम्हाला सांगायला तो एक पोरगा पळवतो. पोरगा गर्दीतून वाट काढत येतो, माझ्या कोटाची बाही ओढतो नि म्हणतो, "मास्तर, बट्टी तळायला घेतली." एवढ्या निरोपावर मी वाट्टेल ते गाणं मधेच तोडलेलं आहे.

वरात पळवायच्या युक्त्या आहेत. मित्रमंडळी रंगात आली असताना बँड बंद करून चालत नाही, भांडण होतं. त्याऐवजी अशी चाल धरायची की जिच्यावर चालता येतं पण नाचता येत नाही. पोलिसांच्या संचलनाला असते तशी. पाच मिनिटांत पाय आपोआप पुढे पडायला लागतात. दुसरी युक्ती म्हणजे स्पीकर-जनरेटरची गाडी हळूच चाळीस फूट पुढे घ्यायची. आवाज पुढे गेला की माणसं मागे थांबत नाहीत. आणि घोडी. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तापीकाठच्या त्या मैदानात ढोलावर पावलं टाकायला शिकवलेली घोडी मी तासन् तास पाहिलीत. अशी नाचरी घोडी वरातीला असली तर आमची पंचाईत. तिला ठेका मिळाला की ती मित्रांच्या पक्षाला जाऊन मिळते, मालकाचंही ऐकत नाही. साधी, कंटाळलेली घोडी मात्र माझ्या बाजूची. तिला सावलीत जायचं असतं.

एकदा शहाद्याजवळच्या एका खेड्यात मित्रांनी वरात चौकात अडवली ती हलेना. पोरगा तीनदा येऊन गेला. माझी संचलनाची चाल त्यांनी ओळखली आणि "हे नको, नागीण, नागीण" असा गलका केला. नागीण सुरू, दोन नाग रस्त्यावर. तेवढ्यात मांडवाकडून आचारी स्वतः आला, लुंगी, बनियन, हातात झारा. एक शब्द बोलला नाही. लोळणाऱ्या नागाच्या डोक्याशी उभा राहिला आणि झाऱ्यातून कोमट तेलाचा एक थेंब त्याच्या शर्टावर पडू दिला. नाग उठला. वरात मांडवात गेली. जेवताना त्या आचाऱ्याने मला पहिल्या घाण्यातल्या बट्ट्या वाढल्या. तेव्हापासून कुठेही बयाणा घेतला की मी आचारी कोण, हे आधी विचारतो, आणि हळदीच्या रात्रीच मांडवामागे जाऊन त्याला रामराम करून येतो. लग्नात खरी वेळ माहीत असलेली दोनच माणसं असतात. त्यांची ओळख असलेली बरी.

प्रत्येक घरचे कान वेगळे. आमच्या भागात एका दिवसात गुजरी, अहिराणी, पावरी, भिल्ली, गुजराती आणि छापील मराठी कानावर पडतात. गुजर समाजाच्या लग्नात गरब्याची चाल आली की बायका आपसूक गोल करतात. अहिराणी घरात आजीबाईंना कानबाईची नाहीतर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याची गाणी हवी असतात आणि नातवंडांना मोबाइलवर गाजलेलं झुमकावाल्या पोरीचं. सातपुड्यात वर गेलं की रोडाली नि टिमलीचा ठेका. तिथे माणसं आमच्यासमोर नाचत नाहीत, खांद्याला खांदा लावून ओळी करतात आणि आम्हाला मधे घेऊन फिरतात. तिथे पायांकडे बघून वेळ हाकता येत नाही, कारण पाय थांबतच नाहीत. रात्र संपली की नाच संपतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अधूनमधून विश्रांतीची वाट बघत होतो. शेजारचा ढोल वाजवणारा म्हातारा माझ्याकडे बघून हसला आणि वाजवत राहिला.

काठीच्या होळीला मी वाद्य न घेता जातो. अक्कलकुवा तालुक्यातली ही राजवाडी होळी. रात्रभर ढोल, बासरी, कमरेला घुंगरं नि वाळके भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बुवे, आणि पहाटे पेटणारा होळीचा उंच बांबू. तिथे बँडला काम नाही. कुणी बोलावत नाही आणि कुणाला गरजही नाही. वाजवणारे आणि नाचणारे असे दोन गट तिथे वेगळे काढताच येत नाहीत. आम्ही ज्याचे पैसे घेतो ते तिथे माणसं आपसांत उरकून टाकतात. धंद्याच्या माणसाने वर्षातून एकदा अशा ठिकाणी जावं. फार वेळा जाऊ नये.

रस्त्यात नाकाने आणि जिभेने जो त्रास दिला, तो वेगळाच. हिवाळ्यात नंदुरबारजवळ मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, ओली लाल मिरची वाळायला घातलेली, नजर पोचेल तिथवर लाल. बघायला सुंदर. पण वाऱ्याची दिशा फिरली की गाडीतल्या सगळ्या पार्टीला शिंका. शिंक आलेला ढोलवाला वाजवू शकतो, क्लॅरनेटवाला नाही. उन्हाळ्यात धडगावकडे जावं तर अंगणाअंगणात कैरीच्या फोडी आमचुरासाठी वाळत टाकलेल्या. तो आंबट वास आला की तोंडाला पाणी सुटतं आणि ते सगळं पाणी नळीत उतरतं. एका वरातीत तर माझ्या क्लॅरनेटच्या तळातून थेंब थेंब गळत होतं आणि एक लहान मुलगी आईला ओरडून सांगत होती की बाजा रडतोय.

मग सुरत. खानदेशातलं प्रत्येक दुसरं घर सुरतेला कुणाला ना कुणाला पाठवून बसलंय. उधना, लिंबायत, डिंडोली इथे मागांवर, साड्यांच्या बाजारात राबणारी आमची माणसं, त्यांची मुलं, आता नातवंडंही. लग्न तिथे, पण बँड गावचा हवा, अशी हौस असलेले यजमान बोलावतात. वाद्यं गाडीत जातात, प्रकाशाला तापी ओलांडून नंदुरबार, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली. माणसं रेल्वेने. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध हद्द रंगवलेली. आमचा साइड ड्रमवाला दर खेपेला गुजरातेत बसून महाराष्ट्रात डबा ठेवतो. भाकरी परराज्यातून आणल्यासारखी लागते, म्हणतो.

हद्द ओलांडली की वरातीचं गणित बदलतं. दारूबंदीमुळे मित्रमंडळी शुद्धीवर, निदान दिसायला तरी. त्यामुळे नाच लवकर थकतो. रस्ता मिळतो तो सोसायटीच्या फाटकापासून लग्नाच्या वाडीच्या दारापर्यंत. बाजूने रिक्षा, मागून टेम्पो, समोरून दुसऱ्याची वरात. रात्री 10 वाजता स्पीकर बंद, तो नियम सगळ्या देशाला आहे, पण शहरात शेजारी घड्याळ हातात घेऊन बसलेला असतो. गावात दोन तास पुरवून वाजवायचं ते इथे वीस-पंचवीस मिनिटांत कोंबायचं. सुरुवातीला मी गाणी भराभर बदलायचो. लोकांना धड कशावरच नाचता यायचं नाही. मग एकच गाणं धरायला लागलो, त्याच्याच तीन चाली करून, संथ, मधली, पळती. शहरातल्या माणसाला थोडक्यात सगळं हवं असतं, असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. त्याला एकच गोष्ट हवी असते, पण पूर्ण.

तिथे बट्टीचा निरोप घेऊन पोरगा येत नाही. जेवण केटररकडचं, शहराच्या दुसऱ्या टोकाला तळलेलं, डब्यांतून आलेलं. चव वाईट नसते. फक्त आमचा आणि आचाऱ्याचा धागा तुटलेला असतो, आणि वरात मग घड्याळावर चालते. घड्याळावर चाललेल्या वरातीत मला नेहमी आपण कामावर आलोय असं वाटतं.

लिंबायतला एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक बाई गुजरातीत आमच्यावर तोंडसुख घेत होत्या. आवाज, नातवाची परीक्षा, वगैरे. मी शालीनतेने पुढचं गाणं हळू घेतलं. ते निघालं आखाजीचं. शिव्या क्षणभर थांबल्या आणि मग अहिराणीत सुरू झाल्या: ही अशी वाजवतात का, पळवता कशाला, गौराईच्या गाण्याला एवढी घाई? बाई खाली उतरल्या. माझ्यासमोर उभं राहून चाल दुरुस्त करून दिली, शेजारच्या चार जणींना हाका मारल्या, आणि वर जाताना विचारलं, "भाऊ, जेवन व्हयनं का?" नातवाच्या परीक्षेचं काय झालं, कळलं नाही.

रात्रीचा कार्यक्रम संपवून पहाटे स्टेशनकडे निघालं की सुरतेत लोचो मिळतो. हरभऱ्याच्या डाळीचा, वाफवलेला, धड आकार नसलेला, वर तेल, हिरवी चटणी आणि धाग्यासारखी बारीक शेव. आमच्या जाड तिखट शेवेची ती नाजूक मावसबहीण. सुजलेल्या ओठांना चालेल असा माझ्या यादीतला हा एकच चमचमीत पदार्थ. त्यासाठी मी सुरतेच्या सुपाऱ्या थोड्या कमी पैशांतही घेतल्यात, हे पार्टीतल्या पोरांना माहीत नाही.

जेवणाबद्दल आणखी एक लिहिलं पाहिजे, जरी ते हसण्यासारखं नाही. माझ्या उमेदीच्या काळात वाजंत्र्यांची पंगत शेवटी बसायची, आणि बऱ्याच ठिकाणी बाजूला, गोठ्याच्या किंवा ट्रॅक्टरच्या आडोशाला. वाढणारा वरून वाढायचा. पान उचलायला आम्हीच. कुणी काही बोलत नसे, म्हणजे आम्हीही नाही आणि तेही नाहीत. ते बदललं कशामुळे, याची भाषणं मी पुष्कळ ऐकली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते बदललं बफेमुळे. हातात थाळी घेऊन रांगेत उभं राहिलं की जरीचा कोट काढलेला वाजंत्री आणि नवऱ्याचा मामा यांत वाढणाऱ्याला फरक करता येत नाही. त्याला पुढची थाळी दिसत असते. जुन्या लोकांना बफे म्हणजे उभ्याने चरणं वाटतं. वाटू दे. मी उभ्याने चवीने खातो. काही घरांत अजूनही "बँडवाले नंतर" असं ऐकू येतं. तिथे आम्ही पुढच्या वर्षी बयाणा घेत नाही. काही घरं अशीही होती, की जिथे तेव्हाही घरची जिभाऊ मंडळी आम्हाला हाताला धरून पंगतीत बसवायची. त्यांच्या घरी मी आजही कमी दरात वाजवतो.

2020 च्या मार्चअखेरीस सगळं बंद झालं, ऐन लग्नसराईच्या तोंडावर. बयाणे परत करावे लागले. तेव्हा पपईने जगवलं. शहाद्याची पपई उत्तरेकडे ट्रक भरून जाते आणि प्रत्येक फळ वर्तमानपत्रात गुंडाळावं लागतं. आमचे ढोलवाले त्या कामात तरबेज निघाले, हात एका लयीत चालायचे. मी सावकाश. जुन्या पेपरातली बातमी वाचून झाल्याशिवाय मला कागद गुंडाळता येत नसे. पुढे पन्नास माणसांत लग्नं व्हायला लागली. पन्नासांत बँड धरला तर पाहुणे चाळीस, म्हणून आम्हाला कुणी धरत नव्हतं.

डीजेने धंदा बसवला, असं लोक मला सांत्वनाने म्हणतात. बसवला नाही, अर्धा केला. की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आमच्याकडेही आले, ढोलाच्या जागी गाडीवर दोन स्पीकर आले, आणि मे महिन्याच्या 44 अंशांत आठ तास फुंकण्यापेक्षा तीन तास फुंकलेलं माझ्या छातीला बरंच आहे. डीजेच्या पोरांशी माझं भांडण नाही. त्यांची गाणी यादीने येतात, एवढंच.

गेल्या वैशाखात डोंगरगाव रस्त्याकडच्या एका लग्नात ते आणि आम्ही दोघेही होतो. आचारी जुना ओळखीचा. वरात चौकात येऊन तुंबली होती, आणि लॅपटॉपवाला पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, अजून किती गाणी बसतील?"

मी म्हटलं, "मांडवाकडून तळणाचा वास येतोय का बघ."

"काका, मला सर्दी झालीय."

मग नाक माझं आणि लॅपटॉप त्याचा, असं ठरलं. मी मान हलवली की तो गाणं तोडायचा. मधली दोन गाणी त्याने गाळली, तिसरं त्याच्या आवडीचं होतं म्हणून अर्धं वाजू दिलं. नवरदेव मांडवात उतरला तेव्हा बट्टीचा दुसरा घाणा निघत होता, आणि पहिल्यातल्या चार बट्ट्या आचाऱ्याने पानाखाली झाकून आमच्यासाठी बाजूला काढलेल्या होत्या. दोन मी घेतल्या, दोन त्या सर्दीवाल्याला दिल्या.